थेंबभर तेल आणि एक जॉबकार्ड

"हा डाग कसला?" कंपनीच्या इन्स्पेक्टरने विचारलं.

सिंदेवाहीला आमच्या डीलरशिपचा फ्री सर्व्हिस कॅम्प लागला होता. शामियान्याखाली सतरा-अठरा मोटरसायकली ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येक इंजिनखाली एकेक वर्तमानपत्र पसरलेलं होतं. ही इन्स्पेक्टरची आवडती टेस्ट. गाडी दहा मिनिटं चालवायची, बंद करायची आणि पेपरवर उभी करायची. पेपर कोरडा राहिला तर वर्कशॉपला मार्क. डाग पडला तर मार्क गेले. त्या गाडीला आमचा हात आयुष्यात कधी लागला होता की नाही, हे कुणी विचारत नसे.

बाकीचे पेपर कोरडे होते. त्याचं कारण असं की, गळक्या गाड्या मी सकाळीच शाळेच्या भिंतीमागे लावायला सांगितल्या होत्या. प्रत्येक कॅम्पला आम्ही तेच करायचो. ही एक गाडी उशिरा आली आणि नजरेतून सुटली. तिच्याखालच्या पेपरवर आठाण्याच्या नाण्याएवढा काळा डाग पडला होता.

मी तेव्हा चंद्रपूरच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमचा हेड मेकॅनिक नोकरी सोडून नागपूरला चालला होता. त्याची जागा मला मिळणार, असं देशकर साहेब दोनदा बोलून गेले होते. देशकर साहेब म्हणजे आमचे सर्व्हिस मॅनेजर. त्यांनी इन्स्पेक्टरकडे बघून हसून घेतलं आणि मग माझ्याकडे बघितलं. तेव्हा हसले नाहीत.

गाडीचा मालक बाजूलाच उभा होता. सुखदेव त्याचं नाव. चाळिशीचा, काटक, गळ्यात दुपट्टा. सिंदेवाहीपासून दहा-बारा किलोमीटर आत त्याचं गाव, आणि तो तिथल्या मच्छीमार सोसायटीचा मेंबर. गाडी शंभर सीसीची, फोर-स्ट्रोक, एका मास्तरांकडून सेकंडहँड घेतलेली. मीटर सत्तर हजारांवर बंद पडला होता. तोही बंद पडून दोन वर्षं झाली, असं सुखदेवच म्हणाला. तो फक्त क्लचची तार बदलायला आला होता.

"सुखदेवभाऊ, ऑइल लीक आहे," मी म्हणालो.

"आहे ना. चार वर्षं झाले," तो शांतपणे म्हणाला. "आठवड्याले एक खेप पाहतो अन् कमी असलं का टाकून देतो. तिचं तिले चालून राह्यलं. तुमी तार टाकून द्या फक्त."

खरं सांगायचं तर याहून शहाणं उत्तर मी आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाकडून ऐकलेलं नाही. मोटरसायकलचं इंजिन म्हणजे तीन मजली घर समजा. खाली क्रँककेस, मधे ब्लॉक, वर हेड. दोन मजल्यांच्या मधे जाड कागदासारखी एक पट्टी असते, तिला आम्ही पॅकिंग म्हणतो. हजारो किलोमीटर तापून आणि थंड होऊन ही पॅकिंग वाळते, आकसते, आणि तिच्यातून तेल पाझरतं. पाझरतं म्हणजे घाम आल्यासारखं. अशी गाडी वर्षानुवर्षं चालते. मालकाने तेलावर लक्ष ठेवलं की झालं. सुखदेव लक्ष ठेवत होता.

देशकर साहेबांनी मला शामियान्याच्या कोपऱ्यात नेलं.

"अशोक, चार वाजता इन्स्पेक्टर साहेब पुन्हा पेपर टाकणार आहे. ही गाडी तोपर्यंत कोरडी पाहिजे."

"ब्लॉकखालची पॅकिंग गेली आहे साहेब. हेड, ब्लॉक सगळं उतरवावं लागेल. फेस खराब निघाला तर इथे होणार नाही. वर्कशॉपला न्यावी लागेल."

"फेस खराब असला तर बॉन्ड लाव. बॉन्ड कशासाठी देते कंपनी?"

"त्याला बदलायची नाहीये पॅकिंग."

"त्याला कोण विचारतं? फुकट करून देऊन राह्यलो, पाया पडला पाहिजे तो."

मी सुखदेवकडे आलो आणि सांगितलं की गळती फुकट काढून देतो. तो खूश झाला नाही. उलट गाडीच्या सीटवर हात ठेवून उभा राहिला.

"भाऊ, उद्या सकाळी मले बीज आणाले जायाचं हाय," तो म्हणाला. "आज इंजिन उघडू नका. बीज आणून झालं का मंग पाह्यजे तं चार दिवस ठेवा."

बीज म्हणजे मत्स्यबीज, माशांची बारीक पिल्लं. आमच्या त्या भागात गावोगावी मालगुजारीच्या काळातले तलाव आहेत. पावसाळ्यात तलाव भरला की सोसायटी सरकारी मत्स्यबीज केंद्रातून रोहू-कतल्याचं बीज आणून त्यात सोडते, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की जाळं टाकते. गावातल्या पस्तीस-चाळीस ढिवर, म्हणजे मासेमार घरांचं वर्ष त्यावर चालतं. बीज प्लास्टिकच्या मोठ्या थैल्यांत पाणी आणि ऑक्सिजन भरून देतात. थैली सावलीत राहिली तर पिल्लं बराच वेळ तगतात. ऊन लागलं, पाणी तापलं, की संपलं. त्यांच्या तलावाकडे जाणारी वाट पावसात जीपला जमत नसे, म्हणून दोन वर्षांपासून सुखदेव मोटरसायकलवर बीज आणत होता. त्याआधी त्याचा बाप सायकलवर आणायचा.

"चार वाजता गाडी हातात देतो," मी म्हणालो. "नव्यासारखी. माझी गॅरंटी."

"गाडीनं रस्त्यात दगा देला तं बीज मरन."

"देणार नाही."

तो आणखी काही बोलला असता, पण तेवढ्यात देशकर साहेब तिथे आले. शर्ट इन केलेल्या माणसापुढे आमच्याकडची साधी माणसं गप्प होतात. साहेब लोक म्हणतात तर करा, म्हणाला आणि बाजूला झाला.

एक वाजता मी इंजिन उघडलं. जी भीती होती तेच निघालं. क्रँककेसच्या वरच्या काठावर, जिथे पॅकिंग बसते आणि ज्याला आम्ही फेस म्हणतो, तिथे एक खोल ओरखडा होता. आधीच्या कुणा बहाद्दराने जुनी पॅकिंग स्क्रूड्रायव्हरने खरवडली होती. असा ओरखडा असला की काठ ऑइलस्टोनने घासून सपाट करायचा, नवी पॅकिंग घालायची, बॉन्ड लावायचाच तर बोटाने पुसल्यासारखा लावायचा आणि गाडी रात्रभर उभी ठेवायची. बॉन्ड म्हणजे ट्यूबमधला लाल चिकट लगदा. वाळला की रबरासारखा होतो. मला काठ घासायला निदान दोन तास हवे होते आणि जोडणी करायला दोन. होते सगळे मिळून तीन.

मी घासलं नाही. बॉन्डची ट्यूब दाबली. पॅकिंगच्या खालून लावला, वरून लावला, ओरखड्यावर तर अर्धं बोट जाड थर दिला.

सुखदेव उकिडवा बसून बघत होता.

"डोंग्याच्या फटीत आमी राळ भरतो ना भाऊ," तो म्हणाला, "फटीपुरतीच भरतो. जास्त झाली का आतून निघते."

"हे इंजिन आहे, होडी नाही," मी म्हणालो. आजूबाजूचे चार जण हसले. मीही हसलो.

ब्लॉक बसवून नट आवळले तसा बॉन्ड बाहेर आला आणि चारही बाजूंनी लाल किनार उमटली. मी ती अंगठ्याने पुसून घेतली. बाहेर जेवढा आला तेवढा आतही गेला असणार, हे कळायला शिक्षण लागत नाही. त्या काठातच आगपेटीच्या काडीएवढं एक भोक असतं. खालचं तेल पंपाने त्या भोकातून वर हेडमध्ये जातं. वर कॅमशाफ्ट नावाचा दांडा गरगर फिरत असतो, आणि त्याला दुसरीकडून कुठूनही तेल नाही. ते एक भोक बुजलं तर खाली तेल काठोकाठ असून वरचा मजला उपाशी राहतो. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं असं मी कधी म्हटलेलं नाही. माहीत होतं. सव्वातीन वाजले होते.

चार वाजता इन्स्पेक्टरने पेपर टाकला. कोरडा. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, देशकर साहेबांनी चहा मागवला, आणि सुखदेव किक मारून गेला. इंजिन घड्याळासारखं वाजत होतं. पहिले काही किलोमीटर ते तसंच वाजतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला तो चंद्रपूरला वर्कशॉपच्या दारात उभा होता. एसटीने आला होता. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली.

"मिस्तरी, गाडी जाम झाली," तो म्हणाला.

मी त्याला पाणी दिलं. पाणी पिऊन त्याने सगळं क्रमाने सांगितलं. सकाळी केंद्रात गेला, चार थैल्या घेतल्या, दोन्ही बाजूंच्या टोपल्यांत ओलं गवत घालून ठेवल्या आणि परत निघाला. अर्ध्या वाटेत हेडमधून टकटक आवाज यायला लागला. त्याने थांबून तेल बघितलं. पूर्ण होतं. म्हणून हळू चालवत राहिला. मग जंगलातल्या रस्त्यावर इंजिनाने एक आचका दिला आणि मागचं चाक लॉक झालं. आठ दिवसांचा पाऊस नेमका त्याच दिवशी उघडला होता. लख्ख ऊन. एक ट्रक थांबला नाही, एक थांबला तो उलट्या दिशेचा होता.

"थैलीत पिल्लं वर यायाले लागले," तो म्हणाला. "वर येऊन तोंड उघडून राह्यले. मले समजलं, आता तासभर काई टिकत नाई."

गाडी न्यूट्रलमध्ये घालून त्याने ढकलायला सुरुवात केली. पुढचं गाव अडीच किलोमीटरवर होतं. तिथे तलाव होता. त्याने थैल्या आधी पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं झाल्यावर तोंड सोडलं आणि सगळं बीज त्या तलावात जाऊ दिलं.

"मरू कसं देऊ?" तो म्हणाला. "जिवंत होते ना ते."

"बरं केलं," मी म्हणालो.

"बरं केलं, पण तो गाव माही सासुरवाडी हाय."

त्या क्षणी मला या वाक्याचा अर्थ लागला नाही. माझं डोकं त्या भोकात अडकलं होतं.

देशकर साहेबांनी वर्कशॉपचा टेम्पो दिला आणि मी सुखदेवला घेऊन गाडी आणायला गेलो. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली ती उभी होती. बाहेरून इंजिन कोरडं ठणठणीत. चारही थैल्या धुऊन कुंपणावर वाळत घातल्या होत्या. गाडी चढवायच्या आधी सुखदेव मला पाण्याच्या काठाशी घेऊन गेला, वाकला आणि बोट दाखवलं. शेवाळाच्या कडेला नखाएवढी पिल्लं झुंडीने फिरत होती.

"पाह्यलं का? जगले," तो म्हणाला. एवढ्या वेळात तो पहिल्यांदा हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंजिन उघडलं. कॅमशाफ्ट निळा-काळा पडून हेडलाच चिकटला होता. ब्लॉक उचलला, भोकात टाचणी घातली आणि तांदळाच्या दाण्याएवढा लाल गोळा बाहेर काढला. माझाच बॉन्ड. तो तळहातावर घेऊन मी केबिनमध्ये गेलो.

देशकर साहेबांनी बघितलं. "कुणाला दाखवलं?"

"कुणालाच नाही."

"फेकून दे." मग थोडा विचार करून म्हणाले, "हेड नवीन टाक, कॅम नवीन टाक. त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. कार्डावर जनरल सर्व्हिस लिही."

"आणि जाम झाली ते?"

"परवा ज्या गाडीला इन्स्पेक्टरने फुल मार्क दिले, ती दुसऱ्या दिवशी जाम झाली, असं लिहू? तुझ्या हातचं काम आहे ते अशोक. मी तुलाच वाचवून राह्यलो."

जॉबकार्ड म्हणजे वर्कशॉपचा कागद. गाडी का आली, काय निघालं, काय केलं, हे त्यावर लिहायचं आणि मेकॅनिकने खाली सही करायची. मी लिहिलं, 'जनरल सर्व्हिस. रोड टेस्ट ओके.' सही केली. तेव्हा मला खरंच वाटत होतं की आपण या माणसाचं भलं करतोय. सत्तर हजार चाललेल्या गाडीला नवं हेड मिळतंय, तेही फुकट. संध्याकाळी सुखदेव गाडी आणि कार्डाची कॉपी घेऊन गेला. इंग्रजीत लिहिलेलं होतं, त्याने वाचलं नाही.

आठ-दहा दिवसांनी तो परत आला. या वेळी सोबत सोसायटीचे अध्यक्ष होते. दसरूभाऊ म्हणत त्यांना. साठीचा, धोतर नेसलेला, मोजकं बोलणारा माणूस. देशकर साहेबांनी त्यांना काउंटरपाशी खुर्ची दिली. मी आत गाडीचं चाक काढत होतो, मलाही बोलावून घेतलं.

"आमी भांडाले नाई आलो साहेब," दसरूभाऊ म्हणाले. "आमचा तलाव यंदा रिकामा हाय. केंद्रातलं बीज संपलं. आमचं बीज याच्या सासुरवाडीच्या तलावात हाय. हा म्हणते, गाडी जाम झाली म्हणून सोडलं. लोक म्हणते, गाडी तं मस्त चालून राह्यली, रोज गावात फिरते. सासुरवाडीचे लोक तं याच्याच बाजूनं बोलतीन. आमाले एवढंच पाह्यचं हाय, का गाडी खरंच बंद पडली होती का नाई."

"तसं लिहून द्या साहेब," सुखदेव म्हणाला. "एक ओळ. दुसरं काई नाई मागत."

इथे त्यांच्या गावचा एक रिवाज सांगितला पाहिजे. जो बीज आणतो, त्याच्या हातून उन्हाळ्यात पहिलं जाळं पडतं, आणि पहिल्या ओढीतला वाटा त्याच्या घरी जातो. हा मान सुखदेवच्या बापाला होता, मग त्याला मिळाला. पण बीज ज्याने दुसऱ्याच्या पाण्यात नेऊन टाकलं, त्याला तलावाच्या पाळीवर पाय ठेवता येत नाही. दंड नाही, मारहाण नाही. फक्त पाण्याशी संबंध तुटतो. ढिवराच्या घराला याच्यापुढे दुसरी शिक्षा द्यायची गरज पडत नाही.

देशकर साहेबांनी फाइल काढली आणि माझ्या सहीचं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. दसरूभाऊंनी चष्मा लावला, पण कार्ड साहेबांकडेच सरकवलं. "वाचून सांगा."

"जनरल सर्व्हिस. रोड टेस्ट ओके. म्हणजे गाडी नेहमीच्या सर्व्हिसला आली, सर्व्हिस केली, चालवून बघितली, चांगली आहे."

"जाम झाल्याचं काई नाई लिहलं?"

"जे असतं ते लिहितो आम्ही."

सुखदेव माझ्याकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता. एखादी विसरलेली गोष्ट आठवून द्यावी तसा बोलला.

"मिस्तरी, तुमी तं टेम्पो घेऊन आले होते. मोहाखालून गाडी उचलली आपण दोघांनी. सांगा ना यायले."

देशकर साहेब फाइलची पानं उलटत होते. दसरूभाऊ चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. मला बोलायला किती वेळ लागला ते आठवत नाही. फार नसेल.

"कार्डावर आहे तेच," मी म्हणालो.

सुखदेवने कार्डावरची माझी सही बघितली. त्याने शिव्या दिल्या असत्या, कॉलर धरली असती, तर मला बरं पडलं असतं. दसरूभाऊंनी चष्मा काढून खिशात ठेवला, साहेबांना राम राम केला आणि म्हणाले, "चाल सुखदेव, बस निघून जाईन."

पुढच्या महिन्यात मी हेड मेकॅनिक झालो. घरी पेढे आणले. बायको म्हणाली, चेहरा असा का? म्हटलं, दमलो. पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो की माझ्या एका वाक्याने काय झालं असतं, लोक जे ठरवून बसतात तेच धरून ठेवतात. हे खोटं होतं. दसरूभाऊ चार तासांचा प्रवास करून एक वाक्य ऐकायलाच आले होते.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. त्या बाजूच्या गाड्या सर्व्हिसला येत, माणसं बोलत. सोसायटीने सुखदेवला लगेच काढलं नाही. उन्हाळ्यापर्यंत बघू, म्हणाले. दसरूभाऊंनीच तसं करायला लावलं, असं ऐकलं. मग उन्हाळा आला. सासुरवाडीच्या तलावात जाळं पडलं आणि त्यांना कधी नव्हे एवढी मासोळी मिळाली. ती साधी, सरळ माणसं. त्यांचाही रिवाज तोच. ज्याच्या हातचं बीज, त्याच्या घरी पहिल्या ओढीतला वाटा. त्यांनी रोहूची मोठी टोपली भरली आणि बैलबंडीने वाजतगाजत सुखदेवच्या घरी पाठवली.

टोपली परत पाठवणं म्हणजे बायकोच्या माहेराचा अपमान. ठेवून घेणं म्हणजे कबुली. भर दुपारी, अख्ख्या गावाच्या डोळ्यांदेखत ती टोपली त्याच्या अंगणात उतरली. त्या संध्याकाळी सोसायटीने बैठक घेतली. दसरूभाऊंनाही बोलायला काही उरलं नव्हतं.

सुखदेव घुग्घुसला गेला. कोळशाच्या रेल्वे सायडिंगवर ट्रकमध्ये फावड्याने कोळसा भरायला. गाडी विकून टाकली.

मी सात वर्षं हेड मेकॅनिक राहिलो आणि मग नोकरी सोडून मूल या गावी स्वतःचं गॅरेज टाकलं. सोडण्यामागे पश्चात्ताप वगैरे नव्हता. देशकर साहेबांचा भाचा आला आणि मला बाजूला सारलं, एवढंच. साहेबांनी मला वाचवलं होतं ते कुठवर, तेही तेव्हा कळलं. गॅरेज टाकल्यावर मात्र एक झालं. सुखदेवच्या गावाकडची एसटी तिथून जाताना रोज दिसायची. एके दिवशी दुकान बंद करून मी तिच्यात बसलो.

सुखदेव घरीच सापडला. पोळ्याला घुग्घुसहून आला होता. केस पांढरे झाले होते आणि बोलताना मधेच खोकत होता. त्याने मला लगेच ओळखलं. बसायला खाट टाकली. त्याची बायको चहा घेऊन आली. मी कोण आहे हे कळल्यावर कप खाली ठेवून आत निघून गेली.

मी सगळं सांगितलं. भोक, बॉन्ड, लाल दाणा, कार्ड. कार्डाखेरीज त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो समजत होता की त्याच्याच हातून काहीतरी चुकलं, वजन जास्त झालं किंवा तेल बघण्यात गफलत झाली. मला फक्त खरं बोलायची भीती वाटली, एवढाच माझा गुन्हा त्याच्या हिशोबात होता. गाडी मीच मारली, हे त्याला मी त्या दिवशी सांगितलं.

त्याने दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"सोसायटीत येतो," मी म्हणालो. "चार माणसांसमोर सांगतो. आजच सांगतो."

"कोणाले सांगता?" तो म्हणाला. "दसरूभाऊ गेला दोन वर्षांआधी. तो अखेरपर्यंत मले विचारत होता, सुखदेव, खरं सांग, मी कोणाले सांगत नाई. मी त्याले खरंच सांगत होतो. त्याले वाटे, मी अजून लपवून राह्यलो."

"बाकीचे तरी ऐकतील."

"नाई ऐकत. तव्हा तुमी एक ओळ लिहली असती तं तो कागद होता. आता सांगसान तं म्हणतीन, सुखदेवानं मिस्तऱ्याले दारू पाजून आणलं." त्याने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "प्या. थंडा होऊन राह्यला."

मी चहा प्यालो. शेवटच्या बसने परत आलो. बसच्या फाट्यापर्यंत चालत येताना तलाव वाटेतच लागतो. त्या वर्षी चांगला भरला होता, आणि पाळीवर दुसराच कुणीतरी माणूस बीज सोडत होता.

गिऱ्हाइकं अजून येतात आणि विचारतात, मिस्तरी, जुनी गाडी आहे, थेंब-थेंब तेल गळतंय, काय करू? मी सांगतो, दर आठवड्याला तेल बघा, कमी असेल तर टाका, आणि गाडी चालवा. उघडायचीच असेल तर माझ्याकडे दोन दिवस सोडा. बॉन्ड बोटाने पुसल्याएवढाच लावायचा असतो. आणि गाडीत जे निघालं ते कार्डावर त्याच दिवशी लिहायचं असतं, दुसऱ्या दिवसापासून त्याला पुरावा लागतो.